उभ्या गाडीचे टायर

॥ श्री ॥

अंजनवेल, ता. गुहागर
श्रावण वद्य पक्ष

चि. बाळ यास काकाचे अनेक आशीर्वाद.

विशेष. गणपतीला येताय, आणि गौरी-गणपतीचं विसर्जन झालं की इथे उभी असलेली आपली गाडी घेऊन कुंभार्ली घाटातून सूनबाईंच्या माहेरी कऱ्हाडला जायचं ठरलंय, हे वहिनींनी कळवलं. छान झालं. बॅटरी मी चार्ज करून घेतली आहे, गाडी एका किल्लीत सुरू होते. राहिला प्रश्न टायरचा.

मे महिन्यात आला होतास तेव्हा तू चिपळुणात टायरच्या दुकानात गाडी दाखवलीस आणि फोटोही काढून ठेवलेस. फोनवर तुझं म्हणणं असं की गाडी पळतेच कुठे, नक्षी जवळजवळ कोरी आहे, तरी दुकानदार चारही बदला म्हणतो. बाजूला खरचटलंय, एके ठिकाणी दबलंय, थोड्या भेगा आहेत, एवढ्यावर तो आपल्याला घाबरवतोय. 'काका, तुम्ही एकदा बघून सांगा.' बघितलं. आता तोंडी सांगितलं तर तू हो हो म्हणशील आणि विसरशील, म्हणून कागदावर उतरवतो.

मी टायरच्या कारखान्यातला माणूस नव्हे, एसटी चालवली. पण पहाटेची पहिली गाडी घेऊन ज्याला घाट उतरायचा असतो, तो चाकांभोवती एक फेरी मारल्याशिवाय स्टिअरिंगवर बसत नाही. तेवढ्या सवयीवर हे लिहितो आहे. शिवाय नुसतं उभ्याने बघून भागत नाही, म्हणून गावातल्या पंक्चरवाल्या पोराला बोलावलं, एकेक चाक जॅकवर उचलून हाताने फिरवलं आणि गाडीखाली बॅटरी मारून आतली बाजूही पाहिली. आतली बाजू सहसा कोणी बघत नाही. तुझ्या दुकानदारानेही बघितली नव्हती. बघितली असती तर त्याने तुला वेगळंच काही सांगितलं असतं.

पहिल्यांदा पुढचा डावा, ज्याला सगळे नावं ठेवतात. आपल्या अंगणात वळवताना चिऱ्याच्या गडग्याला घासून त्याची बाजू वीतभर खरवडली आहे. जांभा दगड कानसच, रबर सोलूनच काढतो. दिसायला फार वाईट. पण टायरच्या बाजूचं हे वरचं रबर म्हणजे झाकण असतं. हवेचा दाब आणि गाडीचं ओझं पेलतात ते त्याच्या आतले पॉलिएस्टरचे दोरे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेलेले. खरवडलेल्या जागी मी नख फिरवून पाहिलं, भिंग लावून पाहिलं. दोरा कुठे उघडा नाही, रबराची चकती उचलली जात नाही, काप आत उतरलेला नाही. हा डाग आहे, दुखणं नव्हे. एक धागा जरी दिसला असता तरी मी उलट लिहिलं असतं.

दुसरा पुढचा उजवा. त्याच्या फोटोवर तू लाल गोल काढून पाठवला होतास: बाजूला उभी, उथळ, बोटभर रुंदीची दबलेली रेघ. हिला घाबरू नकोस. टायर बनवताना आतल्या दोऱ्यांचा पट्टा गोल गुंडाळतात आणि त्याची टोकं एकमेकांवर चढवून जोडतात. शिवणीवर कापड दुहेरी होतं तसं तिथे दोरे दुहेरी होतात. हवा भरली की बाकीची बाजू किंचित ताणून बाहेर येते, दुहेरी जागा कमी ताणली जाते, म्हणून ती आत राहिल्यासारखी दिसते. हवा वाढवली तर रेघ आणखी ठळक होते आणि लोक आणखी घाबरतात. ती पहिल्या दिवसापासून तिथे आहे. टायरच्या अंगावरचे बारीक रबरी केस, नव्या टायरच्या नक्षीवरचे रंगीत पट्टे, बाजूचा लाल किंवा पिवळा ठिपका, हे सगळंही असंच निरुपद्रवी. केस साच्यातल्या हवेच्या भोकांचे, पट्टे कारखान्याच्या ओळखीचे, पिवळा ठिपका टायरची हलकी बाजू दाखवतो. बाजूवर येणारी तपकिरी झाकही तशीच. तिची गोष्ट पुढे सांगतो, कारण ती उलट चांगली असते.

आता मागचा उजवा. चारांतला हाच सगळ्यांत नवा, सगळ्यांत काळाभोर. दादा गाडी चालवत होते तेव्हा महामार्गावर टायर कापला गेला म्हणून २०२१ साली हा घातला होता. बाहेरून बघशील तर बोट ठेवायला जागा नाही. आतल्या बाजूला, ॲक्सलकडे तोंड करून, लिंबाएवढा फुगा आहे.

दबलेली रेघ आणि फुगा, दोन्ही टायरच्या बाजूवरच दिसतात, म्हणून लोकांची गल्लत होते. आत गेलेलं असेल तर बहुतेक वेळा जोड. बाहेर आलेलं असेल तर तुटलेले दोरे. खड्ड्याच्या धारेवर चाक आदळतं तेव्हा टायरची बाजू रिम आणि खड्ड्याची कड यांच्यात चेचली जाते, आतले दोरे तुटतात, वरचं रबर मात्र शाबूत राहतं. मग त्या जागी हवा अडवायला उरतं ते फक्त रबर, आणि रबर एकटं हा दाब पेलण्यासाठी बनवलेलं नसतं. तो फुगा आज फुटेल की दोन महिन्यांनी, हे कोणी सांगू शकत नाही. भरलेली गाडी, उतार, सारखं ब्रेकवर पाय, रिम तापलेला, अशा वेळी फुटेल एवढं सांगता येतं. त्याची दुरुस्ती नसते. 'आतून पॅच मारून देतो' असं कोणी म्हणालं तर त्या दुकानातून उठ. पंक्चर नक्षीच्या मधल्या पट्ट्यातलं काढता येतं, तेही भोक लहान असेल तर आणि टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच बसवला तर. बाजूच्या भिंतीतलं नाही. बाहेरून रस्सी खुपसून दिलेलं पंक्चर घरी पोचण्यापुरतं.

तर तुझ्या यादीतले दोन दोष दोष नव्हेत, आणि जो खरा दोष, तो यादीत नव्हता. दुकानदार लबाड नाही. त्याने तुला बरोबर उत्तर दिलं, फक्त कारण सांगितलं नाही. कारण वयाचं आहे.

वय टायरवरच छापलेलं असतं. बाजूवर लंबगोल चौकटीत शेवटचे चार आकडे शोध. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आपल्या पुढच्या दोन्ही टायरवर आणि मागच्या डाव्यावर ३२१८ आहे, म्हणजे २०१८ सालचा ३२वा आठवडा, ऑगस्ट. पुष्कळ टायरवर हे आकडे एकाच बाजूला असतात आणि बसवणाऱ्याने ती बाजू आत टाकलेली असते, म्हणून लोकांना सापडत नाहीत. एखाद्या जुन्या टायरवर तीनच आकडे दिसले तर तो २००० सालच्या आधीचा. त्याची जागा संग्रहालयात.

मग डिकीतली स्टेपनी काढली. तिला बघून तू खूश होशील. जमिनीला कधी टेकलेली नाही, केससुद्धा तसेच, नक्षी पूर्ण. तिच्यावरही ३२१८. रस्त्यावर एक पाऊल न टाकता ती बाकीच्यांएवढीच म्हातारी झाली आहे.

हे तुला पटणं कठीण जाईल, कारण आपल्याला टायर म्हणजे चपलेसारखा, चालला तर झिजणार, असं वाटतं. नक्षी फक्त तो किती पळला ते सांगते. रबर मात्र उभं असतानाही बदलत असतं. हवेतला प्राणवायू त्याच्याशी संयोग पावतो, उष्णतेने तो वेग वाढतो, आणि उन्हातला अतिनील प्रकाश व ओझोन वरच्या थराला तडे पाडतात. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधक घालून रबर तापवण्याची युक्ती शोधली. गंधकाने रबराच्या साखळ्या एकमेकींना बांधल्या जातात म्हणूनच ते लवचीक आणि टिकाऊ होतं. पण कारखान्यातून बाहेर पडल्यावरही हळूहळू आणखी बंध पडत राहतात, आणि बांधलेलं रबर कडक होतं. कडक रबर ओल्या डांबरावर पकड सोडतं. म्हणजे नक्षी पूर्ण असूनही पावसात ब्रेक मारल्यावर गाडी जरा पुढे जाऊन थांबते, आणि दोष चालवणाऱ्याच्या पायाला लागतो.

आतून तर आणखी वाईट. टायरमधली दाबाखालची हवा रबरातून थोडी थोडी झिरपत बाहेर जात असते, आणि जाताना पोलादी पट्ट्यांच्या कडेचं रबर आतूनच म्हातारं करते. हवा भरून ठेवलेली स्टेपनीही म्हणूनच यातून सुटत नाही. नायट्रोजन भरण्याचा खरा उपयोग एवढाच की ही आतली झीज मंदावते. बाकी पेट्रोल पंपावर सांगतात ते बरंचसं विक्रीचं बोलणं.

आपल्याकडे सगळे दोष खाऱ्या हवेला देतात. समोर दाभोळची खाडी, मागे गोपाळगडाचा कडा, तिन्ही बाजूंनी वारं, म्हणून टायर खराब होतात, असं गावात कोणीही सांगेल. मीठ लोखंड खातं, रबराला फारसं काही करत नाही. खाऱ्या हवेचा टायरशी संबंध दोनच ठिकाणी: रिम गंजून टायरच्या कडेशी हवा सुटू लागते, आणि नक्षीत खोल काप गेला असेल तर तिथून ओल शिरून आतल्या पोलादी तारा गंजतात. धोपाव्याच्या जेट्टीवर फेरीबोटीत चढता-उतरताना चाकं खाऱ्या पाण्यातून जातात, तेवढ्यासाठी घरी आल्यावर गोड्या पाण्याने चाकं धुवायची. भेगांचं खरं कारण आपलं ऊन, बारा महिन्यांची ऊब, आणि उभं राहणं.

उभं राहणं कसं, तर इथे ती तपकिरी झाक येते. टायरच्या रबरात कारखान्यातच मेण आणि ओझोनरोधक रसायन मिसळलेलं असतं. टायर फिरतो, वाकतो, तसं ते आतून वर येतं आणि पृष्ठभागावर पातळ थर धरतं. तीच तपकिरी झाक. लोक ती घासून काढतात आणि वर पॉलिश मारतात; पेट्रोलियमचा अंश असलेली पॉलिश असेल तर संरक्षणच पुसून निघतं. उभ्या गाडीचा टायर वाकतच नाही, मग मेण वर यायला हवं तसं येत नाही, आणि रबर उघडंच राहतं. म्हणून मुंबईत रोज पळणाऱ्या गाडीच्या सहा वर्षांच्या टायरपेक्षा आपल्या मांगरात सहा वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीचा टायर जास्त म्हातारा असू शकतो, नक्षी चौपट असली तरी. आपल्या कोकणात अर्ध्या घरांपुढे अशी एक गाडी असते. गणपती, शिमगा आणि मे महिना, एवढ्यापुरती पळणारी. चाकरमान्याला वाटतं, कमी चालली म्हणजे चांगली राहिली.

आता तुझ्या भेगांकडे. सगळ्या भेगा सारख्या नसतात, आणि इथेच नजर लागते. बाजूवर केसासारख्या, आडव्यातिडव्या, नख अडकणार नाही अशा असतील तर त्या म्हातारपणाच्या सुरकुत्या. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, त्यांच्याने आज काही होत नाही. नख अडकलं, वाकवल्यावर तोंड उघडलं, किंवा टायरच्या कडेला रिमलगत गोल फिरलेली भेग दिसली, तर संपलं. आणि सगळ्यांत आधी बघायची जागा बाजू नव्हे, नक्षीच्या खाचांचा तळ. तिथे रबर पातळ असतं आणि खाली लगेच पोलादी पट्टे. मागच्या डाव्याच्या दोन मुख्य खाचांच्या तळाला अशी सलग भेग गेली आहे. फोटोत ती येत नाही, कारण खाचेत माती बसलेली असते. मी खिळ्याने माती काढून ब्रशने धुतल्यावर दिसली. पुढच्या दोघांत ती अजून नाही, बाजूच्या सुरकुत्या आहेत.

किती वर्षं चालवायचे याला एक आकडा नाही, आणि जो माणूस एक आकडा ठोकून सांगतो त्याच्यावर मी भरवसा ठेवत नाही. बऱ्याच मोटार कंपन्या सहा वर्षांनी बदला म्हणतात. मिशेलिन म्हणते की पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्या आणि बनल्यापासून दहा वर्षं झाली की कसाही दिसो, काढून टाका. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत, ९४व्या नियमात, मोटारीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरपेक्षा कमी नको असं आहे. खाचांच्या मध्ये जे छोटे उंचवटे दिसतात ते त्याचीच खूण, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर गोटा झाला. तेवढ्यावर दंड बसतो. पण १.६ ही कायद्याची हद्द, पावसाची नव्हे. साचलेल्या पाण्यात ३ मिलिमीटरच्या खाली पकड कमी होऊ लागते. आपल्या टायरची नक्षी त्याच्या दुपटीहून जास्त असेल. म्हणून तर तू फसलास.

नक्षी चांगली आणि टायर मेलेला, हे इंग्लंडमध्ये फार वाईट रीतीने शिकावं लागलं. १० सप्टेंबर २०१२ रोजी सरे परगण्यात हिंडहेडजवळ संगीत महोत्सवाहून परतणाऱ्या तरुणांच्या बसचा पुढचा टायर फुटला आणि तीन माणसं गेली. टायर १९ वर्षांचा होता. नक्षी कायद्यात बसत होती. मुलगा गेलेल्या एका आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १ फेब्रुवारी २०२१ पासून तिथे ट्रक आणि बसच्या पुढच्या चाकांवर दहा वर्षांपेक्षा जुना टायर घालायला बंदी झाली. पुढच्याच चाकांवर का, हे एसटीवाल्याला सांगावं लागत नाही. मागे जोडचाक असतं, एक फुटलं तर दुसरं धरतं. पुढचं फुटलं की स्टिअरिंग हातातून जातं. म्हणून नवा टायर पुढे आणि रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवी नक्षी चढवलेला, मागे, ही आमची रीत.

आपल्याकडे टायर फुटला की दैवावर टाकायची सवय आहे. २५ ऑक्टोबर २०१० रोजी पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचं मागचं चाक फुटलं, गाडी खाली कोसळली आणि घरातला कमावता माणूस जागच्या जागी गेला. न्यायाधिकरणाने कुटुंबाला सव्वा कोटीच्या आसपास भरपाई दिली. विमा कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. तिच्या म्हणण्यात एक मुद्दा असा की टायर फुटणं ही देवाची करणी. २०२३ साली न्या. शिवकुमार डिगे यांनी तो फेटाळला. जास्त वेग, कमी हवा, जास्त हवा, वापरलेले टायर, तापमान, ही फुटण्याची कारणं माणसाच्या हातातली आहेत आणि प्रवासाआधी टायर बघणं हे चालकाचं, मालकाचं काम आहे, असा त्या निकालाचा अर्थ. मी वर्तमानपत्रातलं ते कात्रण ठेवलं आहे, आलास की दाखवतो.

दुसरी बाजूही सांगतो, कारण टायरच्या नावावर काहीही खपवलं जातं. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला आणि सरळ काँक्रीटवर ताशी शंभरावर तासन्‌तास गाड्या धावू लागल्या. अपघात वाढले तेव्हा २०२३ मध्ये नाक्यांवर टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या मागे पाठवायला सुरुवात झाली. ते योग्यच. पण १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ माणसं गेली, आणि चालकाने टायर फुटल्याचं सांगितलं. अमरावतीच्या आरटीओच्या अहवालात टायर फुटल्याच्या खुणा सापडल्या नाहीत असं निघालं. टायर बोलत नाही, म्हणून त्याच्यावर ढकलणं सोपं.

कमी हवेबद्दल जास्त लिहीत नाही, तुला माहीत आहे. ओझ्याखाली टायरची बाजू जेवढी जास्त वाकते तेवढी ती तापते, आणि फुटणारे बहुतेक टायर झिजून नव्हे, तापून जातात. अमेरिकेत फायरस्टोनने ऑगस्ट २००० मध्ये ६५ लाख टायर परत बोलावले. नक्षीचा थर पट्ट्यांवरून सुटून येत होता, आणि तेही बहुतांशी उष्ण राज्यांत, वेगात. आपल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या दरवाजाआत चिठ्ठी चिकटवलेली आहे, तिच्यावर नेहमीची आणि भरल्या गाडीची हवा वेगवेगळी लिहिली आहे. पाच माणसं आणि डिकीत फराळाचे डबे, म्हणजे भरली गाडी. चाकं गार असताना भर. टायरवर जो मोठा आकडा असतो ती कमाल मर्यादा आहे. ती भरायची हवा नव्हे. आणि महिन्याला एखादा पौंड हवा आपोआप जाते, म्हणजे मे ते भाद्रपद किती गेली असेल तो हिशेब कर. मी मोजली तेव्हा एक चाक २१ वर होतं.

तर माझं म्हणणं. मागचा उजवा मी आत्ताच उतरवला आहे, त्या जागी स्टेपनी लावली. त्यावर तू गाडी चिपळूणपर्यंत, चाळीस-पन्नासच्या वेगाने, सकाळी गार वेळेला न्यायची. गुहागरहून पुढे रस्ता वळणावळणाचा आहे, पळवायचा मोह होत नाही, ते बरंच आहे. तिथे चार नवे टायर. पुढचे दोन आज खराब नाहीत, हे मी कबूल करतो. गावातल्या गावात, दाभोळच्या फेरीपर्यंत, मी स्वतः त्यांच्यावर आणखी काही महिने फिरलो असतो. पण तुला कुंभार्ली चढायची आणि येताना उतरायची आहे, तीही पावसात, पोरांना घेऊन, आणि सात वर्षं उलटलेल्या उभ्या टायरवर. दोघांतला जो बरा तो स्टेपनी म्हणून डिकीत टाक, गावापुरता.

पैशाची अडचण असेल आणि दोनच घ्यायचे ठरले, तर नवे दोन मागे घालायचे. दुकानदार पुढे घालतो म्हणेल, कारण पुढे लवकर झिजतात आणि मीच वर एसटीचं उलट लिहिलंय. बसचं गणित वेगळं. लहान गाडीत पावसात मागची पकड सुटली की गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं सामान्य माणसाच्या हातात नसतं. पुढची सुटली तर वेग कमी केला की परत धरते. पण दोनवर भागवू नये हे माझं मत.

घेताना आकार आणि ओझ्याचा आकडा जुन्यावर आहे तोच घे, कमी नको. आयएसआयची खूण बघ. तारखेचे चार आकडे रिमवर चढवण्याआधी बघ, नंतर बघून उपयोग नाही. सहा-आठ महिन्यांपूर्वी बनलेला, सावलीत ठेवलेला टायर चालतो. दुकानाबाहेर उन्हात उतरंड रचलेली असते तिच्यातला नको. व्हॉल्व्ह चारही नवे घाल, तेही रबरच. अलाइनमेंट करून घे, कारण पुढच्या डाव्याची आतली कड बाहेरच्यापेक्षा जास्त झिजली आहे. सूनबाईंचा भाऊ कुर्ल्याहून 'नव्यासारखे' वापरलेले टायर स्वस्तात आणून देतो म्हणाला होता ना, त्याला गोड बोलून नाही म्हण. दुसऱ्याच्या टायरचा खड्डा, हवा नसताना ओढलेली गाडी, गरम पात्याने पुन्हा कोरलेली नक्षी, यातलं काहीच बाहेरून कळत नाही. कमी हवेवर ओढलेल्या टायरच्या आत रबराची भुकटी आणि गोल सुरकुती सापडते, पण ती रिमवरून उतरवल्यावर.

परत गेल्यावर गाडी इथे ठेवाल तेव्हा मी दर पंधरवड्याला ती धोपाव्यापर्यंत नेऊन आणीन, म्हणजे टायर वाकतील, मेण वर येईल आणि एकाच जागी दबून सपाट होणार नाहीत. मांगरात दक्षिणेकडून ऊन येतं तिथे झावळ्यांचा आडोसा घालून घेतो. खाली फळ्या टाकल्या आहेत. वेल्डिंगचं यंत्र मी तिथून हलवलं. त्याच्या आर्कमुळे ओझोन तयार होतो आणि ते नेमकं मागच्या चाकाशेजारी ठेवलेलं असायचं.

जुने टायर दुकानात सोडून येऊ नकोस, गाडीत टाकून आण. वेलदूरच्या होडीवाल्याने मागितले आहेत, होडी जेट्टीला घासू नये म्हणून बाजूला बांधायला. अंगणात रचायचे नाहीत, पावसाचं पाणी साचून डास होतात आणि मग ग्रामपंचायतीचे लोक येतात. आणि देण्याआधी फुग्याच्या आणि भेगेच्या दोन्ही टायरच्या बाजूत मी करवतीने आरपार छेद घेणार आहे, तू आड येऊ नकोस. नाहीतर नक्षी बघून कोणीतरी ते पुन्हा चाकावर चढवील.

वहिनींना नमस्कार, दादांना गुडघ्याचं तेल पाठवलंय ते मिळालं का कळव. पोरांना आशीर्वाद.

तुझा
काका